गाडीचं मिनिट

आमच्याकडे गाडी थांबली म्हणजे आपण पोहोचलो, असं नसतं. गाडी थांबते, बाबा हँडब्रेक ओढतात, गिअर काढतात आणि इंजिन तसंच चालू ठेवून समोर बघत बसतात. त्यांच्या शेजारी आई आणि मागे मी, आम्हीही बसतो. मिनिटभराने किल्ली फिरते, इंजिन बंद होतं आणि बाबा म्हणतात, "उतरा." मग आम्ही पोहोचलेलो असतो.

याला घरात 'गाडीचं मिनिट' म्हणतात. आमची गाडी टर्बो आहे. टर्बो म्हणजे काय, हे अमरावतीत आमच्या गाडीत ज्याने म्हणून पाय ठेवला त्याला बाबांनी समजावून सांगितलेलं आहे, त्याने विचारलेलं असो वा नसो. "इंजिनातून जो गरम धूर बाहेर जाते ना, त्याच्यावर एक बारका पंखा फिरते. त्याच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबल्या जाते, म्हनून एवढंसं इंजिन एवढं वढते. पन त्या पंख्याचा दांडा तेलावर तरंगते. लांबून पळत आलं अन् फटकन बंद केलं, का तेल जागच्या जागी थांबलं. दांडा तापलेला, तेल उभं. मंग तेल जळते, त्याचा कोळसा होते. टर्बोची माती."

माझे बाबा, नागसेन, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता आहेत. गाडीची बडदास्त ते धरणासारखीच ठेवतात. तेल सांगितलेल्या मुदतीच्या आधीच बदलायचं आणि तेही मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून. सकाळी गाडी काढली की पहिली काही मिनिटं ती नुकत्याच उठलेल्या म्हाताऱ्यासारखी सावकाश चालवायची. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कुंथवायचं नाही. आई म्हणायची, माझी बीपीची गोळी एखाद्या दिवशी विसरतील, पण एअर फिल्टर विसरणार नाहीत.

इंजिन मिनिटभर चालू राहिलं पाहिजे, कबूल. पण आम्ही कशाला बसून राहायचं? इंजिनाला आमचा काय उपयोग? हे मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "तुमी उतरल्या का माह्यं मन बी उतरते. हात आपोआप किल्लीवर जाते." म्हणजे आम्ही बसायचं ते इंजिनासाठी नव्हे, बाबांच्या हातासाठी. धरणाचे दरवाजे मोजूनमापून उघडणाऱ्या माणसाचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, म्हणून बायको आणि मुलगी गाडीत डांबलेल्या. मी हसले होते तेव्हा. पण बसत होतेच.

लाज तर इतक्या वेळा वाटली, की तिची सवय व्हायला हवी होती. कॉलेजच्या गेटसमोर मैत्रिणी हात करतायत आणि मी मागच्या सीटवर मूर्तीसारखी. मूर्तिजापूरला बाबांच्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो, तेव्हा तर कहर झाला. गाडी थेट मांडवाच्या तोंडाशी थांबली. नवरीकडची माणसं स्वागताला पुढे आली आणि आम्ही आत, काचा वर, तिघांचे चेहरे गंभीर. कुणीतरी आत जाऊन काय सांगितलं कोण जाणे, नवरीचे वडील धावत आले आणि काचेपाशी हात जोडून उभे राहिले. "भाऊ, काही चुकलं का आमचं? मानपानात काही कमी राह्यलं का?" बाबांनी काच खाली केली आणि शांतपणे सांगितलं, "नाही हो. टर्बो थंडा होऊन राह्यला." अख्खा मांडव हसला. जेवायला बसलो तरी लोक 'टर्बोवाले पाहुणे' म्हणून वाढत होते. बाबांना काही नाही. "हसतीन त्यायचे दात दिसतीन," एवढंच.

यामागे एक गोष्ट आहे आणि ती हसण्यासारखी नाही. या गाडीच्या आधी आमच्याकडे एक जुनी डिझेल गाडी होती, बाबांच्या घराण्यातली पहिली. बाबांचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. गाडी घेतल्यावर बाबा दर रविवारी गावी जायचे, वाऱ्यासारखे. चौकात कचकन थांबायचं, किल्ली काढून बोटात फिरवत उतरायचं, चार लोकांशी बोलायचं आणि परत निघायचं. एका रविवारी निघताना गाडी शिट्टी मारल्यासारखी ओरडली, मागून निळा धूर निघाला आणि ती जागची हलेना. टर्बो गेला होता. तिला ओढून न्यायला ट्रॅक्टर आला तो पाटलांच्या मुलाचा. याच पाटलांच्या वावरात माझ्या आजोबांचा जन्म सालदारकीत, वर्षाच्या बोलीवर राबण्यात गेला. दोर बांधता बांधता तो पाटलाचा मुलगा हसून म्हणाला, "नागसेन, गाडी घेनं सोपं असते गड्या. राखाची अक्कल पायजे." वाईट मनाने म्हणाला नसेलही. पण सगळा गाव बघत होता आणि बाबा ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंग धरून बसले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाबा त्या दिवसापासून फुंकतच आहेत.

म्हणून आई त्यांना कधी काही म्हणाली नाही. माझी आई, माधवी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात तिचा दरारा असा, की खोडकरातलं खोडकर पोर तिच्या नजरेने खाली बसतं. ही बाई गाडीत मात्र मुकाट. एकदाच तिने मिनिट मोडलं होतं. बडनेरा स्टेशनवर तिची मैत्रीण बाहेर येऊन उभी दिसली, तशी ती दार उघडून धावली. बाबा ओरडले नाहीत. बाबांचा राग बोलून येत नाही, न बोलून येतो, आणि तो राग चांगला आठवडाभर आमच्याकडे मुक्कामाला होता. त्यानंतर आईचा हात दाराच्या हँडलवर जायचा, पण ओढायचा नाही.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील देवमन, अकोल्याला राहत. रेल्वेत गँगमन होते. सगळा जन्म रुळांवर गेलेला, त्यामुळे कान असा तयार, की येणारी गाडी मालाची की माणसांची हे ते डोळे मिटून सांगायचे. आमच्या गाडीवर त्यांचा फार जीव. ती गल्लीत वळली की घरातूनच म्हणायचे, "आली माह्या माधीची गाडी. बारीक शीळ घालते थे."

या हिवाळ्यात आबांच्या फुप्फुसांनी हात टेकले. दवाखान्याने घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. एका दुपारी संघपालमामाचा फोन आला. मामा आईचा धाकटा भाऊ, आबांना तोच सांभाळायचा. फोन स्पीकरवर होता. "ताई, निंघा आता. सकायपासून तुलेच इचारून राह्यले. बोलनं तुटत चाललं त्यायचं."

आईने शाळेत नेसलेली साडीसुद्धा बदलली नाही. बाबांनी गाडी काढली आणि त्या दिवशी इंजिन गरम होण्याची वाट पाहिली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही बाबांना राक्षस ठरवाल. बडनेरा ओलांडल्यावर त्यांनी गाडी अशी पळवली, की मी त्यांना तसं चालवताना आधी कधी पाहिलं नव्हतं. जुन्या गाडीची हौस होती तेव्हासुद्धा नाही. मूर्तिजापूर कधी मागे पडलं ते कळलं नाही. आई एकदाच बोलली.

"आबा बोलतीन ना हो माह्याशी?"

"बोलतीन," बाबा म्हणाले. "पोचतोच आपन."

बोरगाव मंजूजवळ मामाचा पुन्हा फोन. "शुद्धीवर हायेत. या लवकर." आईने डोळे मिटले आणि पदर तोंडाशी धरला. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. आम्हाला वेळेत पोहोचायचं होतं आणि आम्ही वेळेत पोहोचत होतो. त्याबद्दल मला बाबांचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

अकोल्यात शिरल्यावर नेहमीसारखी गर्दी लागली. ऑटो, हातगाड्या, मध्येच उभी गुरं. त्यातून हळूहळू वाट काढत आम्ही आबांच्या गल्लीत वळलो. दारापुढे चपलांचा ढीग होता. शेजारपाजारचे लोक भिंतीला टेकून उभे होते आणि मामा उंबऱ्यात. बाबांनी गाडी बरोबर दारासमोर थांबवली. हँडब्रेक ओढला. गिअर काढला. आणि इंजिन चालू ठेवून समोर बघत बसले.

आणि आम्ही बसलो.

आईचा हात हँडलवर होता. माझाही. कुणीही आम्हाला धरून ठेवलं नव्हतं, दाराला कुलूप नव्हतं. बाबांकडे मी पाहिलं तर त्यांचे डोळे ओले होते आणि ओठ हलत होते. ते आबांचाच विचार करत होते, याबद्दल मला आजही शंका नाही. मिनिट त्यांनी मुद्दाम घेतलं नव्हतं. ते त्यांच्या हाताला, आमच्या पाठीला, सगळ्यांनाच लागलेलं होतं. बाहेर माणसं एकमेकांकडे बघू लागली. भिंतीला टेकलेली एक म्हातारी पुढे झुकून काचेतून आत पाहू लागली. मला वाटलं, बाबा आता 'उतरा' म्हणतील, आता म्हणतील.

मामा उंबऱ्यातून धावत आला. त्याने काच वाजवली आणि आईच्या बाजूचं दार स्वतः उघडलं. "ताई, उतर ना. बसली काहून?"

माझी आई, जिच्या नजरेने पोरं खाली बसतात ती, केस पांढरे झालेली, आत बाप तिची वाट बघतोय, आणि उघड्या दारातून बाहेर न बघता ती बाबांकडे वळली.

"उतरू?" तिने विचारलं.

मामाने ते ऐकलं. म्हातारीने ऐकलं. बाबांना तर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "उतर, उतर, अवं उतर ना," असं म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली त्यांच्या हातातून खाली पडली. आई आत धावली तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि तरी पहिला विचार काय आला? की लोकांनी पाहिलं. आबांचा विचार त्याच्या नंतर आला.

आत आबा पडलेले होते. डोळे अर्धवट मिटलेले, श्वास घर्र घर्र. आईने त्यांचा हात धरला. "आबा, मी माधी. आबा, पहा ना मी आली." ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्यांच्या बोटांनी ओळख दिली नाही. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी मान हलवली. दिवेलागणीला श्वास थांबला. आबा आईशी एक शब्दही बोलले नाहीत.

मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. पंचफुला आजी, माझी आजी, आबांच्या उशाशी बसून होती. दुपारपासून ती जागची हलली नव्हती, त्यामुळे बाहेर काय झालं याची तिला गंधवार्ता नव्हती. आई हुंदके देत म्हणत होती, "मले उशीर झाला वं माय. माह्याशी बोललेच नाहीत." तेव्हा आजीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागली.

"उशीर नाही झाला पोरी. गाडीचा आवाज आयकला ना त्यायनं. डोये सताड उघडले. मले म्हने, 'माधी आली.' साफ बोलले. अन् मंग दाराकडे पाहूनच राह्यले. पाहून राह्यले, पाहून राह्यले, मंग हळूच डोये लागले. तू आली हे त्यायले समजलं बाई. समाधानानं गेले."

खोलीतल्या बायकांनी डोळे पुसले. केवढं मोठं भाग्य, असं एकजण म्हणाली. मामाने मान खाली घातली. आईचे हुंदके एकदम बंद झाले. तिने आजीच्या खांद्यात तोंड लपवलं आणि तिथून बाहेर काढलं नाही. बाबा दारातच उभे होते, ज्या दाराकडे आबा बघत राहिले होते त्याच. आजीचं बोलणं त्यांनी सगळं ऐकलं. मग ते चपला न घालता बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे गेले. मला भांडायचं होतं. बाबा गाडीजवळ उभे होते, बॉनेटवर हात ठेवून. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"शयरातून हळूहळूच आलो होतो प्रिया. एवढी गर्दी. टर्बो कवाचाच थंडा झाला असन."

म्हणजे इंजिनालाही ते मिनिट नको होतं. हे त्यांना ठाऊक होतं, आधीपासून ठाऊक होतं. मी भांडायला तोंड उघडलं आणि माझा हात मला आठवला. हँडलवर ठेवलेला, न ओढलेला. आईचं सोडा, ती त्यांची बायको. मी तर या मिनिटाला हसणारी होते.

आई अकोल्यालाच राहिली. आम्ही दोघं अमरावतीला परतलो. ती फोनवर जेवलात का विचारायची, आजीचं सांगायची, पण त्या मिनिटाचं नाव तिने कधी काढलं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बाबा सुटले असते. बाबा ऑफिसला स्कूटरने जाऊ लागले. गाडीवर कव्हर पडलं. आमच्या मिस्त्रीचा, श्रावणदादाचा, फोन आला की साहेब, तेल बदलायचं होतं ना. बाबांनी "पाहू" म्हणून ठेवून दिला. त्यांच्या तोंडून 'तेल' या विषयावर इतकं लहान वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बाबा रेल्वेने जाऊ म्हणत होते. पण परतताना आई आणि आजी दोघी आमच्यासोबत येणार होत्या, आजीला रेल्वेत चढवणं शक्य नव्हतं. कव्हर काढावं लागलं. अकोला आल्यावर बाबांनी गाडी चौकातच लावायचा विचार केला, पण तिथे जागा नव्हती. शेवटी गल्लीत वळावंच लागलं.

दारासमोर मांडव होता. भिंतीजवळ तीच माणसं, तीच म्हातारी. गाडी थांबताक्षणीच बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद. दाराला हात घालणार, तेवढ्यात संघपालमामा मांडवातून लगबगीने पुढे आला. त्याच्या मागून पोरंटोरं, पाहुणे आमच्याकडे येत होते. मामाने दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं.

"थांबा, थांबा. दार नोका उघडू. भाऊजीच्या गाडीचं एक मिनिट असते."

लोक थांबले. ज्यांनी टोप्या घातल्या होत्या त्यांनी काढल्या. त्यांना कदाचित वाटलं असेल, की हे आबांसाठीच आहे. मामा वाकून बाबांच्या काचेशी आला. बाबांनी काच खाली केली. मामाच्या चेहऱ्यावर राग शोधायचा मी फार प्रयत्न केला. नव्हता. जावयाची रीत सांभाळायची, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं.

"बंद काहून केली भाऊजी?" तो आपुलकीने म्हणाला. "चालू करा, होऊ द्या तुमचं मिनिट. आता काय घाई हाये."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान मान खाली घालता येते. बाबांनी नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार होतं, मांडवासमोर, आजीच्या कानावर जाईल अशा आवाजात. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

आम्ही दोघं बसलो आणि सगळी गल्ली आमच्यासाठी उभी राहिली. मूर्तिजापूरला लोक हसले होते, तेव्हा मला लाज वाटली होती. ती लाज किती हलकी होती, हे मला इथे कळलं. इथे कुणी हसत नव्हतं. आई दारात आली होती, पांढऱ्या साडीत, आणि तीही उंबऱ्यातच थांबली. आबा जिकडे बघत राहिले होते त्या दारात उभी राहून ती आमच्या गाडीकडे बघत राहिली.

मिनिट होऊन गेलं. बाबांनी 'उतरा' म्हणायचं होतं. ते स्टिअरिंग धरून बसून राहिले. इंजिन चालूच होतं आणि मामा काचेशीच, पुन्हा लोकांकडे हात पसरून उभा होता.

शेवटी आईच उंबरा उतरून आली. तिने मामाला बाजूला केलं, बाबांच्या बाजूचं दार उघडलं, आत हात घालून किल्ली फिरवली.

"उतरा," ती म्हणाली.

बाबांना उतरायला फार वेळ लागला.